राखणीचं नख

सेंदाई, १२ सप्टेंबर

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. इथे उकाडा अजून हटत नाही, पण तुमच्या ओदातेला सकाळी अंगावर जाडसर काही घ्यावं लागत असेल. फोन करून करून थकले. बिघडलाय म्हणता, मग दुरुस्त का करत नाही ते तुम्हालाच माहीत. म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले.

ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला शुन्जीदादा घरी आला होता, तेव्हाचं सगळं त्याने मला सांगितलं. तेत्सुसारखा दांडगा कुत्रा ओसरीच्या फळ्यांवर घसरला आणि त्याच्याबरोबर तुम्हीही आपटलात. मला पत्रात यातलं एक अक्षर कळवलं नाहीत! दादा हट्टाला पेटलाय. नवीन वर्षाला तो येईल तेव्हा तेत्सु नीट उभा राहत नसेल तर त्याला दुसऱ्या कुणाकडे द्यायचं आणि तुम्हाला चिबाला स्वतःच्या घरी न्यायचं, असं म्हणतो. बापाची काळजी आहे त्याला, पण बोलायची पद्धत तुमच्यासारखीच आहे.

मामा, मी दिवसभर कुत्र्यांचे केस आणि नखं हेच काम करते. एवढं धूड घसरतं तेव्हा बहुतेक वेळा कारण नखं असतात. नखं वाढली की पंजा जमिनीवर सपाट टेकत नाही. एक सोपी परीक्षा सांगते. तेत्सु फळ्यांवरून चालताना टक्-टक् आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर नखं लांब आहेत. नसेल येत तर दुखणं कंबरेत आहे, आणि मग डॉक्टरांना गाठायला हवं. नीट ऐकून कळवा.

तुमची,
तोमोए

*

ओदाते, १८ सप्टेंबर

तोमोए,

आशीर्वाद. तुझा मामा आपटला नाही, बसला. शुन्जीला फरक कळत नाही, कारण तो खुर्चीतून उठतच नाही.

तुझी परीक्षा केली. तेत्सुला ओसरीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. आवाज अजिबात नाही. मांजरासारखा चालतो. त्यामुळे आधी वाटलं, कंबरच असणार. पण मग पंजा हातात घेऊन पाहिला, तर नखं कोयतीसारखी वळलेली. तुझ्या परीक्षेत काहीतरी खोट आहे बघ. लहान कुत्र्यांची परीक्षा असेल ती. हा अकिता जातीचा आहे, माझ्याहून जड.

पक्कड घेऊन एक नख कापलंही. नख काळं, आतली शीर कुठे संपते ते दिसत नाही. रक्त आलं. त्याने तोंड उघडलं आणि पाय ओढून घेतला. पुन्हा पक्कड लावायची माझी छाती नाही. घासायचं यंत्र मिळतं म्हणतात, त्यातलं कुठलं घ्यावं ते सांग. मी जन्मभर लाकूड घासून पातळ केलं आणि त्याचे डबे वाकवले, नख काय मोठं.

इथली माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. शुन्जीने कानात घालायची यंत्रं आणून दिली होती, ती तुझ्या मामीच्या फोटोखालच्या खणात आहेत. जरा कमी ऐकू येतं एवढंच, त्यासाठी कानात बोळे कोण घालील? शिवाय तेत्सु आहे. दारात कुणी आलं, किटली उकळली, की माझी बाही दातात धरून ओढतो. त्याला दुसऱ्याकडे द्यायचं म्हणणाऱ्या पोराला सांग, आधी मला दे.

क्यूसाकु

*

सेंदाई, २५ सप्टेंबर

प्रिय मामा,

पार्सल मिळेल. त्यात आमच्या दुकानातलं घासायचं छोटं यंत्र आहे. गुलाबी आहे, हसू नका.

नख एका जागी फार वेळ घासू नका, तापतं. टेकवा, उचला, टेकवा, उचला. पायाचे केस आधी बोटांनी मागे धरा, नाहीतर चाकात गुंडाळतात. मधोमध शिरेचा काळपट ओला ठिपका दिसला की थांबायचं. पहिले काही दिवस नुसतं सुरू करून त्याच्याजवळ ठेवा. कुत्र्याला यंत्राचं भय बसलं की मग जन्मभर निघत नाही, आणि भय बसतं ते आवाजानं.

आवाज नाही म्हणालात ते माझ्या डोक्यातून जात नाही. एवढी नखं आणि आवाज नाही?

तोमोए

*

ओदाते, ६ ऑक्टोबर

तोमोए,

तुझं गुलाबी बाळ नखाला लागलं आणि लाजून थांबलं. दुसऱ्यांदाही थांबलं. ते उंदराची नखं घासायला चांगलं आहे. परत पाठवतोय, सोबत धुरावर वाळवलेला मुळा ठेवलाय.

मग कारखान्यातलं माझं यंत्र काढलं, डब्यांच्या कडा घासायचं. ताकद आहे आणि चालतं कसं रेशमासारखं! आवाजाचं म्हणत होतीस, तर आवाज नाही. तळहात टेकवला तर बारीक थरथर, बस्स. पन्नास वर्षं यंत्रं वापरली, चांगलं कुठलं ते मला हाताला कळतं.

तुझं ऐकून पहिल्या दिवशी नुसतं सुरू करून तेत्सुजवळ ठेवलं. पठ्ठ्या उठला, घसरला, पुन्हा उठला आणि कोठीच्या मागे जाऊन बसला. रात्रीचं जेवण तिथे नेऊन द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी पंजा धरला, एक नख निम्मं झालं आणि त्याच्या अंगाचा असा थरकाप झाला की मी यंत्र बंद केलं. यंत्रात दोष नाही, नखात नाही, मग आहे कशात? म्हातारा झालाय की काय हा?

यंदा अस्वलांचा त्रास कमी दिसतो. पालिकेचा भोंगा गेल्या वर्षी दिवसभर कोकलत असे, यंदा बिचारा गप्प आहे. तुझ्या मामीच्या झाडाला पर्सिमनची केशरी फळं मात्र लगडलीत, फांद्या वाकल्यात.

क्यूसाकु

*

सेंदाई, १२ ऑक्टोबर

प्रिय मामा,

मुळा पोहोचला, दुकानातल्या पोरींनी एका बैठकीत संपवला.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. यंत्राला आवाज नाही आणि तरी तो एवढा घाबरतो, म्हणजे त्याला दुखतंय. त्या रक्त आलेल्या नखाची आठवण असेल किंवा खोट्या दुखण्याचं नाटक. मोठी कुत्री ते फार छान करतात. एकदा पळून सुटका झाली की दर वेळी पळायचं हे त्यांना कळतं. म्हणून आता माघार घेऊ नका. भिंतीच्या कोपऱ्यात बसवा, मांडीने अडवा, पंजा घट्ट धरा आणि रोज एक नख तरी पूर्ण करा. चार दिवस गुरगुरेल, मग मुकाट बसेल.

आणि मामा, फळं उतरवा हो. टीव्हीवर रोज तुमच्या भागातली अस्वलं दाखवतात. शाळेच्या आवारात एक शिरलं म्हणे. झाडावर एकही ठेवू नका.

तोमोए

*

ओदाते, २२ ऑक्टोबर

तोमोए,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. उजव्या हाताला पट्टी आहे. पटाशी लागली.

फळं उतरवली. शेंड्यावरचं तेवढं एक ठेवलंय. ते झाडाचं असतं. झाडाची राखण करतं आणि पुढच्या वर्षी फळ धरवतं. तेही पाडलं असतं तर तुझ्या फुमिमामीने, ती असती तर, काठी हातातून काढून घेतली असती. एका फळासाठी कुठलं अस्वल येतंय.

तेत्सु हल्ली जवळ येत नाही. बोलावलं की कान पाडून बघतो आणि लांब बसतो. जेवण ठेवून मी मागे सरलो की मगच खातो. घर फार मोठं वाटतं.

किटली जळली. काही नाही, जुनी होती.

पोस्टमन म्हणाला, दोनदा येऊन दार ठोकून परत गेला. मी घरातच होतो.

नखं तशीच आहेत. तुझा उपाय मी केला, एवढंच सांगतो.

क्यूसाकु

*

सेंदाई, २७ ऑक्टोबर

मामा,

तुमचं पत्र वाचलं आणि दुकानातून तशीच उठून हत्यारांच्या बाजारात गेले. तुमच्या कारखान्यात आहे तसलं यंत्र मागितलं आणि म्हटलं, सुरू करून दाखवा. मामा, मी कान झाकले. दुकानाबाहेर कुणाचं तरी पिल्लू होतं, ते साखळी ताणून रस्त्यावर गेलं. दातांच्या डॉक्टरकडचं यंत्र दहा पटीने मोठं केलं तर जसं ओरडेल तसं ते ओरडतं. आणि तुम्ही लिहिलंत, आवाज नाही.

मग सगळं एकामागून एक सुचलं. तेत्सुच्या नखांची टक्-टक् नाही. भोंगा गप्प आहे. भोंगा गप्प नाही, मामा! शुन्जीदादाला तिथल्या मित्राने सांगितलं, दिवसातून कितीतरी वेळा अस्वलाचा इशारा देतात. फोन बिघडलेला नाही. किटली जुनी नव्हती, मीच दिली होती. तुम्हाला ऐकूच येत नाही. जरा कमी नाही, अजिबात नाही.

आणि तुमचा हात पटाशीने कापलेला नाही. तेत्सु चावला. मी तुम्हाला सांगितलं म्हणून तुम्ही त्याला कोपऱ्यात दाबून धरलंत आणि त्याच्या कानाशी ते यंत्र लावलंत. त्या बिचाऱ्याने दुसरं काय करायचं होतं? हे लिहिताना मला रडू येतंय. तुमचा राग येतोय आणि माझाही.

एक गोष्ट मीही लपवली. शुन्जीदादा नवीन वर्षाला येऊन ठरवणार असं मी लिहिलं होतं. खरं म्हणजे ठरवायचं त्याने माझ्यावर सोपवलं होतं. कुत्र्यांचं तुला कळतं, तू सांगशील ते करू, असं म्हणाला. तुमचं सहा तारखेचं पत्र आल्यावर मी त्याला सांगितलं, ने त्यांना. मी हो म्हणून बसले, मामा. आवाज नसलेल्या यंत्रालाही घाबरतो तो कुत्रा आता सुधारायचा नाही, असं वाटलं मला.

ते यंत्र बंद करा. तेत्सुला हात लावू नका. आणि खणातल्या वस्तू कानात घाला. पाया पडते.

तोमोए

*

सेंदाई, ५ नोव्हेंबर

मामा, उत्तर नाही. रागावला असाल तर रागावलो म्हणून एक ओळ टाका. टीव्ही लावायची भीती वाटते.

तोमोए

*

ओदाते, १५ नोव्हेंबर

तोमोए,

रागावलो होतो. तुझं पत्र चुलीत घालणार होतो, घातलं नाही. हे मोठं पत्र आहे, बसून वाच. आम्ही दोघेही धड आहोत, हे आधीच सांगतो.

तुझं पत्र आल्यानंतरची सकाळ. मी अंगणात मुळे धूत होतो, पाठ झाडाकडे. तेत्सु ओसरीवर लांब बसलेला. मान वर केली तर तो माझ्याकडे बघून तोंड उघडतोय, मिटतोय, उघडतोय. भुंकत होता. मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, माझ्यावरच भुंकतोय. त्याच्या मनात राग आहे, असू दे, म्हटलं. मी पुन्हा मुळ्यांकडे वळलो.

पूर्वी तो असा लांबून भुंकत बसला नसता. येऊन बाही धरली असती. पण त्या हाताला तो भीत होता ना. हो, चावला तोच. पट्टी त्याचीच. ज्या हाताने रोज भात घातला त्या हाताची भीती मी त्याला घातली, ती तुझ्या सल्ल्याने नव्हे, माझ्या बहिरेपणाने. तू ते स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस.

मग तो आला. फळ्यांवर घसरला, छातीवर पडला, मी बघितलं. उठला, पुन्हा घसरला आणि चार पायांनी खरडत ओसरीवरून खाली आला. आणि त्याने त्याच हाताची बाही धरली. पट्टीच्या वर. मी मागे वळलो.

अस्वल झाडाला हात लावून उभं होतं. मुळ्यांच्या घमेल्यापासून झाड किती लांब आहे ते तुला माहीत आहे, तू लहानपणी तिथून उडी मारून फांदी धरायचीस. ते वर बघत होतं. त्या एका फळाकडे.

मी पळालो नाही. तेत्सु मध्ये उभा राहिला, पाय फाकवून, कारण नखांमुळे त्याला धड उभं राहताच येईना, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून पाऊल पाऊल मागे गेलो. दोघेही ओसरीवर चढलो. दार लावलं. काचेतून बघितलं, अस्वलाने फांदी मोडली, फळ खाल्लं आणि आल्या वाटेने निघून गेलं. एका फळासाठी आलं, तोमोए. मी तुला लिहिलं होतं, एका फळासाठी कोण येतंय.

दाराच्या आत मी खाली बसलो, तो अंगावर पडला. मग मी मामीच्या फोटोखालचा खण उघडला.

पहिला आवाज काय ऐकला सांगू? टक्, टक्, टक्, टक्. तेत्सु फळ्यांवरून पाण्याच्या भांड्याकडे गेला. इतका मोठा आवाज! मला वाटलं, कुणी दार ठोकतंय, मी उठून दारसुद्धा उघडलं. नंतर कळलं. मग मी त्याला पुन्हा चालवलं आणि नुसता ऐकत बसलो. किती वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हातारा माणूस रडला, हे शुन्जीला सांगू नकोस.

दुसरं काम म्हणजे तेत्सुला लांब कोठीत ठेवून कारखान्यातलं यंत्र सुरू केलं. तेही ऐकलं. पूर्ण ऐकलं, मधेच बंद केलं नाही. ऐकून झाल्यावर कोठीत गेलो आणि त्याच्यापुढे जमिनीला डोकं टेकलं.

आता सांग, कुठलं यंत्र घेऊ?

क्यूसाकु

*

सेंदाई, २० नोव्हेंबर

मामा,

तुमचं पत्र दुकानातच वाचलं. टेबलावरच्या पूडलला वाटलं त्याच्यासाठी रडतेय, त्याने माझं तोंड चाटलं.

शुन्जीदादाला फोन करून माझा हो मागे घेतला. तो खूप बोलला. शेवटी म्हणाला, अस्वल आलं होतं तिथे मी बापाला ठेवू? मी म्हटलं, नवीन वर्षाला ये, दाराची घंटा वाजव आणि दार कोण उघडतं ते बघ, मग ठरव. तो कबूल झालाय, पण खात्री पटलेली नाही त्याची. म्हणजे सगळं आता तेत्सुच्या पायांवर आणि तुमच्या कानांवर आहे.

तीन यंत्रं पाठवतेय. तिन्ही मोठ्या कुत्र्यांची, बॅटरीवरची, वेग कमी-जास्त करता येणारी. दोनांना पॉलिशपेपरचं चाक आहे, एकाला हिऱ्याच्या भुकटीचं. ताकद, वजन, बॅटरी मी तपासलंय. आवाज मी तपासलेला नाही. तो तुम्ही ऐका, आणि तेत्सुला ऐकवा. न आवडलेली दोन परत पाठवा.

तोमोए

*

ओदाते, १२ डिसेंबर

तोमोए,

बर्फ बसला. आता अस्वलं झोपतील, आम्ही जागे.

कानातल्या यंत्रांबद्दल आधी तक्रार. स्वतः मुळा खाल्ला की डोक्यात कुणी लाकूड फोडतंय असं वाटतं. शेजारचे लोक तोंडातल्या तोंडात बोलत नाहीत हे कळलं, आणि काय बोलतात हेही कळलं, न कळलेलं बरं होतं.

आता तुझी यंत्रं. तेत्सुला दाराशी बसवलं आणि एकेक पलीकडच्या खोलीत सुरू केलं. हिऱ्याच्या चाकाचं जोरदार होतं, मला फार आवडलं असतं, पण पहिल्याच झटक्याला त्याने कान पाडले आणि मीही खांदे उचलले. दोघांच्या मते नापास. दुसरं बरं होतं, पण मधेच चिरकायचं. तिसरं पांढरं, जाड मुठीचं. सर्वांत कमी वेगावर ते डब्यात अडकलेल्या माशीसारखं गुणगुणतं. तेत्सुने एक कान वळवला, दुसरा तसाच ठेवला आणि जांभई दिली. ते ठेवलं.

घाई केली नाही. यंत्र बंद करून भाताच्या वाडग्याजवळ ठेवायचो. मग सुरू करून ठेवायचो. मग त्याच्या पाठीवर नुसती मूठ टेकवायचो, चाक नव्हे. पंजा मी धरला नाही. मी मांडी घालून बसायचो आणि हात पालथा ठेवायचो, जुन्या जखमेसकट. एका संध्याकाळी तो आला, हात हुंगला, व्रण चाटला आणि पंजा स्वतः माझ्या मांडीवर ठेवला. त्यानंतर रोज एक नख, कधी अर्धंच. काळ्या नखातला तो ओला ठिपका आता मला दिसतो. टेकव, उचल. तू सांगितलंस तसंच.

परवा त्याला ओसरीवरून पळवला. घसरला नाही. वळणावर सुद्धा नाही. पंजा पाटासारखा सपाट टेकतो. शुन्जीला सांग, येऊन बघ.

पण एक गंमत झाली. एकेक नख कमी होत गेलं तसतशी टक्-टक् कमी होत गेली. मला इतक्या वर्षांनी ती मिळाली होती आणि मीच रोज तिला घासून संपवत होतो. शेवटी एकच नख उरलं, डाव्या पुढच्या पायाचं, बाहेरच्या बाजूचं. यंत्र हातात होतं, पंजा मांडीवर होता. माझ्याने होईना.

झाडावर यंदा काही ठेवलं नाही. अस्वलाने मोडलेली फांदी कापली, शेंडा मोकळा केला, पुढच्या वर्षीही फळ ठेवणार नाही. तुझी मामी वरून बडबडत असेल. पण घरात कशाची तरी राखण हवी ना. म्हणून ते एक नख जरासं लांब ठेवलंय. पाय वाकडा पडत नाही, मी रोज बघतो, आणि वाढलं तर तेवढंच कमी करतो. तू शिकलेली आहेस, तू रागावशील. रागाव.

हे लिहितोय तेव्हा माझी पाठ दाराकडे आहे. मागून येतंय, टक्. मग तीन पावलं काही नाही. मग पुन्हा टक्. पाण्याकडे गेला. आता वळला. आता माझ्या मागे उभा आहे. बाही ओढायला आलाय, बहुतेक किटली उकळली.

उकळली आहे, मलाही ऐकू येतेय. पण मी उठत नाहीये. ओढू दे त्याला.

क्यूसाकु